मशीनसाठी नसलेली ओळ

सहाशे बारा चुका.

सुचेतानं आकडा पुन्हा एकदा वाचला, चष्मा पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचला. तिनं प्रोग्रॅममध्ये घातल्या होत्या फक्त नऊ ओळी. नऊ ओळींत सहाशे बारा चुका करायच्या म्हणजे अंगी काहीतरी खास गुण असावा लागतो. एरवी असा विनोद तिनं यतीनला, म्हणजे नवऱ्याला, फोन करून ऐकवला असता. आज तिला त्याचं हसूही आलं नाही.

गुरुवारची दुपार होती. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कॉम्प्युटरनं अडवला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर मेथीची जुडी पसरली होती. लेक क्षितिजा शाळेत, यतीन ऑफिसात. घरात बोलायला कोणी नव्हतं, हे एका अर्थी बरंच होतं.

सुचेतानं नोकरी सोडली त्याला आठ वर्षं झाली होती. त्याआधी ती फोर्टमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, तेही कोबोलमध्ये. कोबोल तेव्हाच म्हातारी भाषा म्हणून ओळखली जायची आणि आता, दोन हजार सात साली, तिचं नाव काढलं की समोरची पोरं गालातल्या गालात हसायची. गेल्या वर्षात सुचेता दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली. दोन्हीकडे एकच प्रश्न आला, की मॅडम, आठ वर्षं काय करत होता. ती दोन्हीकडे खरं उत्तर देऊन आली आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही.

मग मुणगेकर सरांचा फोन आला. हरिश्चंद्र मुणगेकर हे फोर्टच्या त्या कंपनीत तिचे पहिले साहेब. तिला कोबोल शिकवली ती त्यांनीच. रिटायर होऊन ते बेव्हर्ली पार्कला राहायला आले होते. अठरा वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी बसून, त्यांनी काशीमिऱ्याच्या शिवदासशेठना गोदामाचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. शिवदासशेठ मूळचे मिठागरवाले. मिठागर गेलं, भातशेती गेली, त्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. कुठला माल कुठल्या गोदामात, कितव्या रांगेत, याची चिठ्ठी सरांचा प्रोग्रॅम अठरा वर्षं बिनतक्रार छापत होता. छोटे-मोठे मिळून त्रेसष्ट प्रोग्रॅम, सगळे एकट्या सरांचे.

आता शेठनी तिसरं गोदाम बांधलं आणि प्रोग्रॅमला ठाऊक होती दोनच. सरांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. पडद्यावरची अक्षरं त्यांना आता दिसत नव्हती. त्यांनी शेठना सांगितलं, "सुचेताला द्या. ती करेल."

शेठनी तिला सोमवारी गोदामावर बोलावलं, चहा पाजला आणि सरळ सांगून टाकलं. "ताई, शनिवारी तिसऱ्या गोदामात पैला माल उतरनार हाय. चिठ्ठी निघाली तर तुमीच पुढं सांभाळा. न्हाय निघाली तर माजा भाचा एक तयार प्रोग्रॅम बसवून देतो बोलतोय. मना राग न्हाय कोनाचा."

म्हणजे शेठचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं ते सुचेताचं. आपल्याला अजून हे येतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि शनिवारी ते कळणार होतं. सर तिला म्हणाले होते, "प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर बदलांची यादी आहे. तारीख, काय बदललं आणि करणाऱ्याची अक्षरं. तिथे नुसता ह. मु., ह. मु. दिसतो. काम झालं की खाली तुझी घाल." तिला एवढा धीर कुठला. तिनं सोमवारीच, एक ओळही बदलायच्या आधी, यादीतल्या शेवटच्या ओळीच्या टोकालाच लिहून टाकलं होतं, सु. रा. सुचेता राऊळ. आणि खुर्चीत मागे रेलून ती दोन अक्षरं बराच वेळ पाहत बसली होती.

आता तीच दोन अक्षरं सहाशे बारा चुकांच्या डोक्यावर बसली होती.

दोन दिवस तिनं काय काय करून पाहिलं. नऊच्या नऊ ओळी पुसून पुन्हा लिहिल्या. जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं, धूळ झटकून ओळ न् ओळ ताडून पाहिली. लिहिलेलं बरोबर दिसायचं आणि कंपाइल करायला गेलं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला गेलं, की सहाशे बारा. बुधवारी ती यतीनला म्हणाली, "मला जमत नाहीये रे. येत होतं ते सगळं गेलंय." यतीन प्रेमानं म्हणाला, "मग सोडून दे ना, एवढं काय त्यात." हे ऐकून तिला जितकं वाईट वाटलं तितकं चुकांनीही वाटलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तिनं ठरवलं, पुरे झालं. सरांनी त्रेसष्ट प्रोग्रॅम घालून दिलेली सीडी त्यांना परत द्यायची आणि हात जोडायचे. यादीतली आपली सु. रा. ही अक्षरं तिनं एक एक करून खोडली. मग सीडीवरून मूळ प्रोग्रॅमची कोरी प्रत घेतली. देताना चुकून आपलं काही त्यात राहायला नको, म्हणून ती एडिटरमध्ये उघडून पाहिली. काही राहिलं नव्हतं. पण फोर्टच्या ऑफिसात दर दोन तासांनी वीज जायची, तेव्हापासून तिच्या बोटांना एक खोड लागली होती. फाइल उघडली की काही केलेलं असो वा नसो, सेव्ह करायचं. बोटांनी सेव्ह केलं. आणि सोपवतोय ते धड आहे एवढं तरी बघावं म्हणून तिनं कंपाइल केलं.

सहाशे तीन चुका.

ती हबकली. या प्रतीत तिची एकही ओळ नव्हती. अठरा वर्षं चालणारा, सरांनी लिहिलेला, कोणी हात न लावलेला प्रोग्रॅम, आणि त्यात सहाशे तीन चुका. तिनं ओळी मोजल्या. ओळी सहाशे तीन. म्हणजे ओळीगणिक एक चूक. आणि तिच्या नऊ ओळी धरून सहाशे बारा.

सुचेता खुर्चीवरून उठली, स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ते येऊ देत राहिली. चूक तिची नव्हती. काय चुकलंय ते तिला अजून ठाऊक नव्हतं, शनिवार दोन दिवसांवर आला होता, पण चूक तिची नव्हती. मंगळवारपासून छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. तिनं तोंड धुतलं आणि परत येऊन बसली ती पदर खोचूनच.

संशय घ्यायला आता एकच जण उरला होता, तिचा एडिटर. प्रोग्रॅम लिहायचं हे साधन तिनं सोमवारी नेटवरून नव्यानं उतरवून घेतलं होतं. नाव हेरॉन. चिन्ह म्हणून एका पायावर उभा असलेला बगळा. फुकट मिळणारा, आणि कोणालाही आतून उघडून बघता, दुरुस्त करता येईल असा. जगभरची माणसं फावल्या वेळात त्याची निगा राखायची. त्याला शेकडो भाषा ओळखता येत. भाषा ओळखली की तो शब्दांना रंग द्यायचा, एक रंग आज्ञांना, एक नावांना, आणि माणसानं माणसासाठी लिहिलेल्या टिपांना हिरवा. तिच्याकडची फाइल मात्र सोमवारपासून काळी-पांढरीच दिसत होती. नव्या आवृत्तीत काहीतरी सेटिंग असेल, म्हणून तिनं दुर्लक्ष केलं होतं.

तिनं दोन्ही प्रती, सीडीवरची आणि सेव्ह केलेली, विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये शेजारी शेजारी उघडल्या. आणि बघताक्षणी कळलं.

शाळेच्या वहीत डावीकडे समास सोडतात, तसा कोबोलमध्येही सोडावा लागतो. पहिले सहा रकाने रिकामे. ओळ नुसती टीप असेल तर सातव्यात चांदणीचं चिन्ह. खरं लिखाण आठव्यापासून पुढे. शाळेत समास सोडला नाही तर बाई रागावतात, कोबोलमध्ये ओळच बाद होते. सीडीवरच्या प्रतीत समास होता. एडिटरनं सेव्ह केलेल्या प्रतीत तो साफ कापला गेला होता आणि सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटल्या होत्या. पडद्यावर मात्र हा बगळा स्वतःच रकाने लावून सगळं नीटनेटकं दाखवत होता. सेव्ह करताना गुपचूप कात्री चालवायचा.

तिनं नोटपॅडमध्येच नऊ ओळी पुन्हा लिहिल्या. कंपाइल केलं. चुका शून्य. तिसऱ्या गोदामाची चिठ्ठी पडद्यावर आली. दोन दिवस जे झालं नव्हतं ते वीस मिनिटांत झालं. इथे थांबली असती तरी कोणी काही म्हणालं नसतं. पण ज्यानं दोन दिवस रडवलं त्याला विचारल्याशिवाय सोडायचं नाही, हा सुचेताचा स्वभाव. भाजीवाल्यालाही तिनं कधी सोडलं नव्हतं.

तिनं त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रोग्रॅम एकामागून एक हेरॉनमध्ये उघडले. बासष्ट काळे-पांढरे. एकच, सतरावा, उघडला तो सगळे रंग लेऊन. त्याचा समासही शाबूत. सतरावा आणि अठरावा समोरासमोर ठेवून ती वरून वाचू लागली आणि तिला फार खाली जावं लागलं नाही. अठराव्याच्या पहिल्या ओळीवर समास, चांदणी, आणि मग दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा. रोमन अक्षरांतली श्री, पण श्रीच. सरांची ही पद्धत तिला चांगली माहीत होती. कोरा कागद असो की कोरी फाइल, पहिली ओळ श्रीची. तिनंही नोकरीतला प्रत्येक प्रोग्रॅम असाच सुरू केला होता. बासष्ट प्रोग्रॅमांवर ती ओळ होती. सतराव्यावर नव्हती.

मग तिनं हेरॉनच्या पोटातली फाइल उघडली, भाषा कशा ओळखायच्या याचे नियम लिहिलेली. नव्या आवृत्तीत कोणीतरी एक नवा नियम घातला होता. लोक मिळून वेबपानं लिहितात, त्यांत तक्ता आखायला दोन-दोन उभ्या रेघा वापरतात. तर नियम असा, की पहिल्या ओळीत रेघांची जोडी दोनदा आली की समजा हा तक्ता आहे. तक्त्यात डावीकडच्या मोकळ्या जागेला काही अर्थ नसतो, ती सेव्ह करताना छाटून टाका. बिचाऱ्याचं त्याच्या परीनं बरोबर होतं. त्यानं श्री कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी सकाळी क्षितिजाला बसमध्ये बसवून ती तशीच बेव्हर्ली पार्कला गेली. सर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. चाहुलीवरून त्यांनी तिला ओळखलं. काम झालं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग तिनं सगळी हकीकत सांगितली, सहाशे बारापासून.

"सर, एक विचारायचं होतं. सतराव्या प्रोग्रॅमवर श्री का नाही?"

सरांनी विचारलं, "तारीख काय आहे त्याच्यावर?"

"मार्च एक्क्याण्णव."

"आई गेली तेव्हा. शेठचा माल अडकला होता, म्हणून चौथ्या दिवशी जाऊन बसलो. लोकांनी नावं ठेवली. पण सुतकात श्री कशी लिहिणार? ती ओळ नाही लिहिली." मग ते हसले. "मशीनला सुतक नसतं. पण ती ओळ मशीनसाठी नव्हतीच कधी. तिथे चांदणी असते ना, मशीन ती ओळ सोडून देतं. ती आपल्यासाठी."

सरांच्या आईनं जाता जाता आपल्याला रस्ता दाखवला, असं काहीतरी सुचेताच्या मनात आलं. मोठ्यानं म्हणायला तिला संकोच वाटला.

"आता सोपं आहे," सर म्हणाले. "काढून टाक ती ओळ सगळीकडून. बासष्ट ठिकाणी, दहा मिनिटांचं काम. प्रोग्रॅम आता तुझे आहेत."

ते अगदी सहज म्हणाले, पण म्हणताना त्यांचा हात खुर्चीच्या हातावर उगाच फिरत राहिला.

"नाही काढणार, सर," सुचेता म्हणाली. "चूक तुमच्या ओळीची नाही. त्या एडिटरची आहे. ओळ काढली तर चूक तुमची होती असं होईल. मी कालच माझी दोन अक्षरं खोडली, दुसऱ्याच्या चुकीपायी. पुन्हा तेच नाही करायचं."

घरी आल्यावर तिनं हेरॉनला हात घातला. उपाय तिला रिक्षातच सुचला होता. फाइलच्या नावाच्या शेपटावरून, म्हणजे टिंबापुढच्या अक्षरांवरून, कुठली भाषा ते बहुतेक वेळा कळतं. मग आधी ते शेपूट बघावं, त्यावरून काहीच कळलं नाही तरच पहिल्या ओळीवरून अंदाज बांधावा. नव्या आवृत्तीत हा क्रम उलटा झाला होता. तिनं सुलटा केला, मोठ्या ऐटीत अठरावा प्रोग्रॅम उघडला, आणि तो काळा-पांढराच. पण कालच्यासारखं आपलं डोकं गेलं असं तिला वाटलं नाही. ती नुसती पुन्हा वाचायला बसली. सरांच्या जमान्यातल्या फाइलींची नावं सगळी इंग्रजीच्या मोठ्या लिपीत, आणि नियमात शेपूट लिहिलेलं छोट्या लिपीत. बगळ्याला दोन्ही एकच आहेत हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं सांगितलं.

अठरावा उघडला. सगळ्यात वर, हिरव्या रंगात, श्री. खाली ह. मु., ह. मु. आणि त्याखाली रंगीत होत गेलेल्या सगळ्या ओळी. तिनं सगळेच्या सगळे उघडून, सेव्ह करून, कंपाइल करून पाहिले. मग हेरॉनची निगा राखणाऱ्या मंडळींना इंग्रजीत एक ईमेल लिहिली. काय बिघडलं, का बिघडलं, दुरुस्ती सोबत जोडली आहे. तपासून बघायला म्हणून दहा ओळींचा एक छोटा कोबोल प्रोग्रॅमही मुद्दाम लिहून जोडला. पहिली ओळ अर्थातच श्रीची.

शनिवारी गोदामावर ट्रक लागले. प्रिंटरनं करकर करत चिठ्ठी बाहेर टाकली. गोदाम तीन, रांग एक. शिवदासशेठनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. चिठ्ठी खरं तर ट्रकवाल्याला द्यायची होती, म्हणून सुचेतानं दुसरी काढली.

"भाच्याला सांगतो, नको बोलून," शेठ म्हणाले. "मुनगेकरसायबांना पन फोन करतो. तुमी सोमवारी या, ताई. वजनकाट्याचं बी जोडायचा हाय."

काशीमिऱ्याच्या नाक्यावर तिला अर्धा तास रिक्षा मिळाली नाही. एरवी ती वैतागली असती. त्या दिवशी ती धुळीत उभी राहून चक्क गुणगुणत होती.

दहा दिवसांनी उत्तर आलं. नॉर्वेतले कोणी शाळामास्तर होते, हेरॉनची कोबोलची बाजू तेच बघायचे. दुरुस्ती त्यांनी घेतली होती. त्यांनी लिहिलं होतं, की प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आम्ही ती काही नमुन्याच्या फाइलींवर चालवून बघतो. तुमची दहा ओळींची फाइल आम्ही त्यांत कायमची ठेवू इच्छितो. पहिल्या ओळीचा अर्थ आम्हाला समजला नाही, पण ती तशीच राहू द्यावी ना?

सुचेता ती ईमेल कागदावर छापून बेव्हर्ली पार्कला घेऊन गेली आणि सरांना मराठीत करून सांगितली. सरांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

"म्हणजे नवीन एडिटर आला की आधी त्याला आपली श्री दाखवणार?"

"हो. आणि तिच्यामुळे तो गोंधळला तर नापास. बाहेरच नाही सोडणार त्याला."

"म्हणजे मशीन आता ती ओळ वाचतं."

"वाचतं, सर. आणि नीट पुढे जातं."

सरांनी मान हलवली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी ते गॅलरीबाहेर बघत राहिले. त्यांना फार बरं वाटलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. मग एकदम म्हणाले, "तुझी अक्षरं लिहिलीस का खाली?"

सुचेतानं जीभ चावली. सगळ्या धांदलीत ते राहूनच गेलं होतं. "नाही, सर."

"मग इथे काय बसलीस?"

ती उठलीच. घरी येऊन टेबलावरची कोथिंबीर बाजूला सारली आणि प्रोग्रॅम हेरॉनमध्येच उघडला. वर श्री होती. खाली यादी होती. ह. मु.च्या शेवटच्या ओळीखाली तिनं समास सोडला, चांदणी काढली, तारीख घातली. तिसरं गोदाम. सु. रा. ओळ हिरवी झाली. तिनं सेव्ह केलं, कंपाइल केलं.

चुका शून्य. ती कोथिंबीर निवडायला बसली.